ताकदीची पावडर

माझ्या बायकोला पोटुशी असताना शुगर झाली आणि ती उतरत नव्हती ती शेजारच्या सरोजम्मामुळे, असं मी महिनाभर सगळ्या गल्लीला सांगत होतो.

तेव्हा आम्ही हैदराबादेत काचीगुड्याला राहायचो. मी रेल्वेत खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर, शिक्षण सातवी नापास. केबल टीव्ही नवा नवा आला होता, ती वर्षं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर सुमनला दिवस गेले. (बारा वर्षांत नातेवाइकांनी सल्ले द्यायला जेवढा वेळ घातला, तेवढ्या वेळात त्यांनी दोन पोरं सांभाळून दिली असती.) सहाव्या महिन्यात लेडी डॉक्टर म्हणाली, "इनके खून में शक्कर आ गई. नै उतरी तो बच्चे को खतरा है."

माझं डोकंच फिरलं. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला शुगर नाही," मी म्हणालो. "चहात साखर पुरत नाही आमच्याकडं, रक्तात कुठून येणार?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गोड बंद, भात बंद, भाकरी खा म्हणाली. एक निळ्या औषधाची बाटली दिली आणि काचेची नळी. रोज सकाळी निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून गरम करायचं. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं झालं तर शुगर. विटेसारखं लाल झालं तर पळत दवाखान्यात या.

घरी आल्या आल्या मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. गूळ गच्चीवरच्या भाडेकरूला दिला. सुमन म्हणाली, "अहो, तुमच्या चहाचं काय?"

"पोर होईपर्यंत मी पण बिनसाखरेचा पिणार."

(मी दुपारी स्टेशनवर प्यायचो. ते वेगळं.)

आठवडाभरात ती सुकली. कोरडी भाकर आणि पालक खाऊन माणूस किती उभा राहील? पोटातल्या लेकराला काय मिळत असेल, याची मला काळजी लागली. टीव्हीवर रोज दाखवायचे, थकलेलं पोरगं पावडर पितं आणि उठून पळतं. मी डबाच आणला. ग्लुकोज. आमच्या गावाकडं माणूस अगदी मरायला टेकला की डॉक्टर ग्लुकोज चढवायचा, दोन दिवसांत तो उठून बिडी ओढायचा. मग हे औषधच की. मी माझ्या हातानं कालवून सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक ग्लास द्यायला लागलो. दुपारचा ग्लास ड्यूटीवर जाताना झाकून ठेवायचो.

पहिल्याच घोटाला सुमन म्हणाली, "अहो, हे गोड लागतंय."

"औषध कडूच असतं असं कुणी सांगितलं? पी गुमान."

ती प्यायली. आणि नळी लाल. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी तर अशी लाल, की मला वाटलं नळीच तडकते. दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर म्हणाली, "क्या खिला रहे? ऐसाच रहा तो भरती करके सुई चालू करती मैं."

आता मला कळलं, घरात चोर आहे. सरोजम्मा! पलीकडची तेलुगू बाई, वर्षात बारा सण आणि प्रत्येक सणाला ताट घेऊन दारात. मी तिला जिन्यातच धरलं.

"सरोजम्मा, मेरी औरत को क्या खिलाते तुम?"

"अय्यो अन्ना, मैं कुछ भी नै दी. मेरे कू मालूम नै क्या, उसकू शक्कर है?"

"तो नली लाल काइकू होती?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडत आत गेली. मी म्हटलं, पकडली.

तरी त्या भल्या बाईनं सातव्या महिन्यात सुमनला बांगड्या भरायचा घाट घातलाच. वीसेक बायका, हळद, फुलं, गाणी. मी ड्यूटी बुडवून दारात स्टूल टाकून बसलो. सुमनच्या हातात प्रसादाचे बूरेलू पडले, म्हणजे पुरण भरून तळलेले गोळे, की मी उठून काढून घ्यायचो. फेकायचे कसे, म्हणून खायचो. नऊ खाल्ले. बायका हसत होत्या. सुमन मान खाली घालून बसली होती. आणि सगळ्या गेल्यावर ती अशक्त वाटते म्हणून मी तिला ग्लासभर पावडर दिली.

दुसऱ्या दिवशी नळी लाल. मी पावडर दोन चमचे वाढवली.

पुढच्या वेळी दवाखान्यात रांग मोठी होती. सुमनला घाम फुटला. मी आत डॉक्टरसमोरच पिशवीतून कालवलेल्या पावडरची बाटली काढली आणि तिला पाजली.

"क्या पिला रहे इनकू?"

"ताकद की पावडर."

"दिखाओ."

मी अभिमानानं पिशवीतला डबा दाखवला. बाईनं वाचला, खाली ठेवला, पुन्हा उचलून वाचला. "ये तो पूरी शक्कर है, मियाँ. दिन में कित्ते बार देते?"

"तीन टाइम."

"या अल्ला."

मी चिडलो. "तुम चढाए तो दवा, मैं पिलाया तो शक्कर?"

बाहेरची रांग दारात येऊन उभी राहिली. सुमन हळूच म्हणाली, "मैं बोली थी, मीठा है करके." बारा वर्षांत तिनं माझी तक्रार परक्याकडं पहिल्यांदा केली.

चार दिवसांत नळी हिरवी, आठवड्यात निळी. सुई टळली. मुलगी झाली, धडधाकट, आणि तिचं रडणं थेट फलाटापर्यंत जाईल असं. मी सरोजम्माकडं माफी मागायला गेलो. तिनं बूरेलूचं ताट पुढं केलं. "अब तुमीच खाओ अन्ना. तुमकू आदत है."

सुमनला जाऊन आता वर्ष होईल. शुगर आता मला आहे. पोरगी दिलसुखनगरला असते, रोज फोनवर माझी उलटतपासणी घेते. परवा घरी आली आणि माझ्या खिशात एक पुडी ठेवली. "बाबा, गोळीनं शुगर एकदम उतरली, चक्कर आली, तर हे ग्लुकोज पाण्यात कालवून घ्यायचं. येतं ना कालवता?"

मला विचारते!

"तू पोटात होतीस तेव्हा रोज तीन ग्लास कालवत होतो," मी म्हणालो. "नाहीतर विचार तुझ्या आईला."

पोरगीनं पुडी माझ्या खिशात आणखी खोल सारली.

ती गेल्यावर मी पुडी फोडली आणि चिमूटभर जिभेवर टाकली. त्या वेळी डब्यावर डबे संपवले, पण स्वतः चाखायची अक्कल नव्हती.

गोडच आहे की.