कमलची ट्रायल आणि सर्जेरावचा अंगारा

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली तेव्हाच मी ओळखलं, बातमी वाईट आहे. चांगली बातमी उभ्या उभ्या सांगतात.

"अय्या, अम्मांच्या फुप्फुसात कॅन्सर आहे. मणक्यातही गेलाय. स्टेज फोर." स्टेज फोर म्हणजे मुळासकट काढता येत नाही, रोखून धरता आला तर धरायचा. डॉक्टरीणबाई तमिळ, मला अय्या म्हणायच्या; अम्मा म्हणजे माझी बायको कमल, ती शेजारीच बसली होती. तिने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तिने एवढंच विचारलं, "भाकरी थापू शकते ना मी?"

"जमेल तोवर थापा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी चौथीपर्यंत शिकलोय. विट्याकडचा माणूस, सोनं गाळायच्या धंद्यात मद्रासला आलो आणि इथेच म्हातारा झालो. साहुकारपेठेत आमच्याकडचे गलाईवाले पुष्कळ आहेत. त्यांच्या घरात हे वाचलं जावं म्हणून लिहितोय. इंग्रजी शब्द लेकीनं, मंगलनं, नीट करून दिले. राग माझा मी लिहिलाय, त्याला तिचा हात लागलेला नाही.

आधी केमो झाली. केमो म्हणजे सलाईनमधून सोडतात ते जहाल औषध. केस गेले, चव गेली. भात बघितला की कमल तोंड फिरवायची. काही महिने गाठ थांबली, मग स्कॅनमध्ये पुन्हा वाढलेली दिसली.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी क्लिनिकल ट्रायलचं नाव काढलं. म्हणजे नवं औषध, अजून दुकानात न आलेलं, माणसाच्या मर्जीनं त्याला देऊन गुण येतो का बघायचं. हे औषध अंगातल्या शिपाई पेशींना जागं करतं आणि त्या कॅन्सरवर तुटून पडतात. इम्युनोथेरपी म्हणतात त्याला. शेजारी म्हणाले, "उंदीर करतील तुमचा." कमल म्हणाली, "होऊ दे की उंदीर. जगला तर झालं."

पण ट्रायलमध्ये कुणालाही घेत नाहीत. आधी स्क्रीनिंग असतं, म्हणजे चाळणी. किडनी, लिव्हर, मेंदूचा फोटो सगळं बघतात. त्यात परफॉर्मन्स स्टेटस असतं, म्हणजे पेशंट स्वतःच्या पायावर किती आहे त्याची प्रत. कमल चालत दवाखान्यात जायची, घरी स्वयंपाक करायची. त्या प्रतीत ती पास झाली. चाळणीतून जो पार होतो तो एलिजिबल. आम्ही दोघं या एका शब्दावर जगत होतो.

ट्रायलचे कागद भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "गावठी औषध, काढा, चूर्ण, होमिओपॅथी काही चालू आहे का?" आम्ही नाही म्हणालो. खरंच काही चालू नव्हतं.

अंगारा चालू होता. पण अंगाऱ्याला आमच्यात औषध कोण म्हणतं?

सर्जेराव हा कमलचा धाकटा भाऊ. त्याचंही इथेच गलाईचं दुकान. गावाकडच्या एका महाराजाची गुरुवारची बैठक तो इथे हॉल घेऊन चालवतो आणि महाराजाकडून आलेला अंगारा पुड्या बांधून वाटतो. केमोनं कमल खंगली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, रोज सकाळी मधातून चाटायचा. कुठं बोलायचं नाही. सांगितलं की गुण जातो."

आणि गुण आला की! चार दिवसांत कमल जेवायला मागायला लागली. गाल भरले. दुखणं हटलं. मीसुद्धा हात जोडले. सोन्यात भेसळ असली तर मुशीत कळते, राखेला कोण मुशीत घालतो?

चाळणीतला रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. कमलला कधी साखर नव्हती, ती भरमसाट वाढली होती. तोंड ताटासारखं गोल झालं होतं. आम्ही ते बाळसं समजत होतो.

"अम्मा, उठल्यापासून तोंडात जे जाईल ते सगळं सांगा. प्रसादसुद्धा."

"आधी अंगारा, मग चहा," कमल बोलून गेली आणि जीभ चावली.

"म्हणजे विबूती? ती आमच्या घरीही आहे अम्मा. कपाळाला लावतो आम्ही. चमच्यानं कुणी खात नाही."

पुडी तपासायला गेली. त्यात स्टिरॉइड निघालं. स्टिरॉइड म्हणजे सूज-दुखणं दाबणारं औषध; त्यानं भूक वाढते, साखर चढते, तोंड गोल होतं. दमेकऱ्याला डॉक्टर मोजून देतात. पण तेच औषध शिपाई पेशींना झोपवतं. ट्रायल त्यांना जागं करणार आणि अंगारा झोपवणार. त्यामुळे ते अंगात असेपर्यंत ट्रायलमध्ये घेत नाहीत.

तर आजच बंद करू, मी म्हणालो. तसंही करता येत नाही. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. गोळी देऊन हळूहळू उतरवायचं, याला टेपर म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरवू आणि परत चाळणी लावू. जागा तोवर राहील का, ते माझ्या हातात नाही. मी फोन करत राहीन."

जागा राहिली. कमल राहिली नाही तशी. स्टिरॉइडनं अंगातली ताकद आधीच पोखरली होती. टेपर चालू असताना न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसात पू आणि पाणी. ऑक्सिजन लागला. घरी आली ती कॉटवरच. दुसऱ्यांदा चाळणी लावली तेव्हा मी तिला व्हीलचेअरवर नेलं. कागद भरणाऱ्या त्याच मुलीनं तिला उठून चालायला सांगितलं. कमल कठडा धरून उभी राहिली, पाऊल उचललं आणि माझ्याकडे बघून बसली.

नॉट एलिजिबल.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन आमच्याबरोबर बाकावर बसल्या. "त्या औषधानं वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. कदाचित काही महिने, कदाचित जास्त, कदाचित काहीच नाही." खोटा धीर दिला नाही, याचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण तो कदाचित कमलचा होता. तो तिच्या सख्ख्या भावानं खाल्ला.

जायच्या आधी कमल म्हणाली, "सर्ज्याला बोलू नका. लहान आहे तो." साठीला आलाय तो लहान. तिनं माफ केलं असेल. मी केलेलं नाही, करणारही नाही.

तेरावं झालं आणि मी मंगलला घेऊन उरलेल्या पुड्या पोलिसात दिल्या. औषधांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यातही अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी सर्जेराव दारात.

"दाजी, घरातली गोष्ट चावडीवर नेलीत?"

"घरातलीच गेली, म्हणून नेली."

"तुमची श्रद्धा डळमळली म्हणून अक्का गेली. महाराज जाणून असतात. शुगरवाल्यांना ते अंगारा देतच नाहीत. अक्काला शुगर नव्हती म्हणून तर मी दिला!"

मंगल हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मामा, राखेनं शुगर कशी वाढते?"

तो चपला घालायला वळला. त्याला माहीत होतं. नाव माहीत नसेल, पण आत काहीतरी आहे हे माहीत होतं, आणि बहिणीला चाटवत होता. मी म्हणालो, "सर्ज्या, पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर तोडून गलाईच्या भट्टीत घालीन."

ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना सांगतो. ट्रायलला घाबरू नका, विचारा. पण पोटात जाणारं सगळं डॉक्टरला सांगा. तीर्थ, अंगारा, भस्म, आत्यानं दिलेली मुळी, सगळं. सांगितल्यानं ज्याचा गुण जातो, ती चीज घरात ठेवू नका. आणि आठवड्यात कुणाचे गाल भरले तर आरती करू नका, आधी रक्त तपासा.

महाराजावर केस होईल तेव्हा होईल. मी थांबत बसलेलो नाही. दर गुरुवारी बैठकीच्या हॉलच्या जिन्यात खुर्ची टाकून बसतो. तमिळमध्ये आणि मराठीत एकेकाला धरून सांगतो, आत काय वाटतात ते. आधी लोक शिव्या द्यायचे. मग एक बाई खोकणाऱ्या नवऱ्याला घेऊन अर्ध्या जिन्यातून परत फिरली. आता वर चपला कमी दिसतात.

गेल्या गुरुवारी आरती लवकर उरकली. सर्जेराव खाली आला. दुकानावरही आपली माणसं येईनाशी झालीत म्हणाला. रडायला लागला. "दाजी, बहीण गेली ती माझीही गेली. आता धंदा बसला. माझ्या घरच्यांनी खायचं काय?"

"अंगारा," मी म्हणालो. "रोज सकाळी, मधातून."