कूलर बंद केल्यावर

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी मी एक घास ताटावर आणि दुसरा दारात उभी राहून खायची. आई वैतागायची, "काय वं, बूड टेकव ना जराशी!" अशा मुलीनं पीएचडीसाठी विषय कोणता घ्यावा? घाबरलेला उंदीर किती सेकंद हलायचा थांबतो, हे मोजण्याचा! हातात स्टॉपवॉच धरायचं, खुर्ची करकरू द्यायची नाही, खोकला आला तर गिळायचा आणि दुसऱ्या जिवाचं गप्प बसणं वहीत उतरवायचं. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात पदवीच्या पुढं गेलेली मी पहिलीच होते, त्यामुळे मी नेमकं काय करते हे समजावून सांगायची पाळी रोज यायची. "उंदरांना घाबरवते," असं सांगून मी विषय संपवायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नागपूरच्या एका कॉलेजातल्या औषधशास्त्र विभागात मी काम करत होते. आमचे सर भले गृहस्थ, पण निवृत्तीला आलेले. त्यामुळे माझ्याइतकीच त्यांनाही घाई होती, फक्त त्यांची दिसत नसे.

मेंदूत, कानशिलाच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. उंदरात तो ज्वारीच्या दाण्याएवढा. भीती शिकायची जागा ती, असा तेव्हा बऱ्याच जणांचा अंदाज होता. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा बहुतेक वेळा ग्लुटामेट नावाचा पदार्थ सोडते. नागपूरच्या सदर भागात चायनीज खायला गेलं की नूडल्समध्ये जी पांढरी पूड टाकत, तिच्यातही तेच ग्लुटामेट. पुढच्या पेशीवर हा निरोप घेणारी दारं असतात आणि त्यांतलं एक विशिष्ट दार बंद करणारं औषध परदेशात निघालं होतं. माझा प्रश्न एवढाच होता : अमिग्डालातलं ते दार औषधानं बंद ठेवलं, तर उंदीर भीती शिकेल का?

पद्धत सरळ होती. उंदराच्या डोक्यात आधीच बसवलेल्या बारीक नळीतून थेट अमिग्डालात थेंबभर औषध सोडायचं. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसतं सलाईन. मग उंदराला पेटीत ठेवून पीं असा आवाज करायचा आणि पाठोपाठ पायाला विजेचा छोटा झटका. असं पाच वेळा. दुसऱ्या दिवशी झटका नाही, नुसता आवाज. ज्याला भीती आठवते तो उंदीर दगड होऊन बसतो, मिशासुद्धा हलवत नाही. किती सेकंद बसला ते लिहायचं.

औषधाचं पार्सल काही येईना. मार्च गेला, एप्रिल निम्मा सरला. मी रोज पोस्टात चकरा मारायची, इतक्या की खिडकीवरचा माणूस मला लांबूनच मान हलवून "नाही" सांगायचा. शेवटी मी सरांना म्हटलं, "सर, तोवर सलाईनचे उंदीर करून टाकते ना. तेवढंच काम पुढे सरकेल."

"तसं करू नये गं," सर म्हणाले. "दोन्ही गट आलटूनपालटून व्हायला हवेत."

"पार्सल आलं की लगेच औषधाचा गट करते, सर. पेटी तीच, माणूस तोच, उंदीर त्याच जातीचे. फरक काय पडणार?"

सरांनी बराच वेळ पेन उघडझाप केलं आणि म्हणाले, "बरं, कर."

एप्रिल-मेच्या नागपुरात त्या खोलीत कूलरशिवाय उंदीर जगले नसते, मीही नसते. खिडकीला अडकवलेला तो पत्र्याचा डबा असा घरघरायचा की त्यात माझा पीं आवाज बुडून जायचा. त्यावर मी तोडगा काढला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. उंदीर पेटीत ठेवायचा, भिंतीवरचं बटण दाबून कूलर बंद करायचा, मग आवाज आणि झटका. ते झालं की कूलर पुन्हा चालू. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीतही तसंच. उंदीर मस्त घाबरत होते. वही भराभर भरत गेली.

पार्सल आलं तेव्हा कूलर उतरवून, धुऊन केव्हाच माळ्यावर गेला होता. हिवाळ्याच्या तोंडावर मी औषधाचा गट केला. ते उंदीर घाबरलेच नाहीत! आवाज झाला तरी पेटीत हुंगत फिरत राहिले, एकजण तर पाय चाटत बसला. मी विभागात संत्रा बर्फी वाटली. सरांनी चक्क दोन तुकडे घेतले आणि उन्हाळ्यातल्या परिषदेसाठी आमच्या कामाचा सारांश पाठवून दिला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध जमा करायचा, असं ठरलं. जमा झाला नाही तर नवे मार्गदर्शक शोधा, नव्यानं अर्ज करा, आणि तसं करणारं कुणी पार पडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये मी प्रबंध लिहीत होते आणि आमचे काका कूलरमध्ये नवीन वाळा भरत होते. काका म्हणजे प्राण्यांच्या खोलीचे परिचर. पन्नाशी उलटलेले, मोजकं बोलणारे. पिंजरे धुणं, दाणापाणी, आणि प्रयोग चालू असताना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पुढचा उंदीर हातात देणं, ही त्यांची कामं. सुतळीची गाठ मारता मारता ते सहज म्हणाले, "या वर्षी बी कूलर बंद करून घाबरवणार काय, बाई?"

"कूलर बंद करून नाही काका, आवाजानं घाबरतात ते."

"नाही जी. आवाज तर मंग होये. दुसऱ्या दिवशी तुमी बटन दाबलं का तवाच दबून बसत होते. मी पाहून राहिलो होतो ना."

मी हसले. मग हसू थांबलं. बटण दाबायला मी भिंतीकडे तोंड करायची. वळून स्टॉपवॉच उचलायची, आवाज सुरू करायची आणि मगच उंदराकडे बघायची. मधले ते दहा-बारा सेकंद मी उंदराकडे कधी पाहिलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मी चार नवे उंदीर घेतले. नळी नाही, औषध नाही. कूलर बंद, आवाज, झटका, अगदी जुन्या पद्धतीनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी आवाज केलाच नाही. फक्त बटण दाबलं आणि या खेपेला उंदराकडे तोंड करून उभी राहिले. घरघर थांबली. चारपैकी चारही जागच्या जागी थिजले.

म्हणजे सलाईनच्या उंदरांना घाबरायला दोन कारणं होती, शांतता आणि आवाज. औषधाच्या गटाला एकच. ते कमी घाबरले ते औषधामुळे की कूलर माळ्यावर होता म्हणून, हे माझ्या वहीतून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्या घरी वडील संध्याकाळी ऑफिसातून आले की कधीकधी सगळ्यात आधी रेडिओ बंद करायचे. मग चष्मा काढून ठेवायचे. मग ओरडायचे. त्यांच्या ओरडण्याची मला कधी एवढी भीती वाटली नाही, पण रेडिओ बंद झाला की वाटायची. मी तिथून पळायची, कधी विहिरीवर, कधी शेजारी. माझं हे सतत बडबडणं, फेऱ्या मारणं, चमचा वाजवत राहणं, सगळं त्या शांततेला घाबरून. तीस वर्षांची झाले तरी हे मला कळलं नव्हतं आणि मी भीतीवर प्रबंध लिहीत होते.

सरांना लगेच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. नऊ दिवस नाही सांगितलं. रोज त्यांच्या खोलीपर्यंत जायची, दाराशी चप्पल काढायची आणि पुन्हा घालून परत यायची. एकदा आत गेले तर परिषदेत पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका टेबलावर मांडलेल्या, माझे आलेख त्यांनी स्वतःच्या हातानं रंगीत पेनानं काढलेले. "ही रेघ लाल करू की हिरवी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लाल," आणि बाहेर आले. घरी जेवण जाईना. कोणी विचारणार नाही, असं मी मनाशी म्हणायची. कोणाला कळणार आहे? प्रबंधात कूलर हा शब्दच नव्हता. आणि काकांचं कोण ऐकणार? हे शेवटचं वाक्यही माझ्या मनात आलं होतं. ते लिहिताना आजही अंगावर काटा येतो, पण आलं होतं.

दहाव्या दिवशी मी आत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सर बराच वेळ बोलले नाहीत. पंख्याचा आवाज होता म्हणून मी उभी राहू शकले. मग त्यांनी काकांना बोलावलं.

"तुम्ही हे केव्हा पाहिलंत?"

"पयल्याच हप्त्यात, साहेब."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मले कोणी पुसलं नाही. अन् बाई लई घाईत राहत होत्या."

सरांनी पारदर्शिका गोळा केल्या, सरळ केल्या आणि खणात टाकल्या. परिषदेला कळवलं की बोलणार नाही. मला रागावले नाहीत. "मी 'कर' म्हणालो होतो," एवढंच म्हणाले. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. "औषध किती उरलंय?"

"आठ उंदरांपुरतं."

"मग आठ आणि आठ. आलटूनपालटून. आणि कोणत्या बाटलीत काय आहे, हे तुला कळता कामा नये. मलाही नको."

बाटल्यांची जबाबदारी काकांवर आली. सरांनी त्यांना कोणत्या बाटलीत काय आहे ते सांगितलं आणि खोलीबाहेर गेले. काकांनी एकीला लाल दोरा बांधला, दुसरीला पांढरा, आणि लाल म्हणजे काय ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आपल्या तंबाखूच्या चंचीत ठेवली. कूलर नको म्हणून पहाटे साडेपाचला काम सुरू आणि आठच्या आत बंद. सक्करदऱ्याहून मी सायकल हाणत यायची. मी पोचण्याआधीच काका पिंजरे पुसत असायचे.

ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. कळायला लागलं होतं ना! लाल दोऱ्याचे काही उंदीर आवाज झाला तरी फिरत राहायचे, पण काही चांगले थिजायचेही. पांढऱ्याचे सगळे थिजायचे. लाल म्हणजे औषध असावं. पण मग लालमधले तिघे का घाबरले? रात्रंदिवस डोक्यात लाल-पांढरं. एका सकाळी मला राहवलं नाही. काका चंची उघडून तंबाखू मळत होते, चिठ्ठीचा कोपरा दिसत होता.

"काका, फक्त मान हलवा. लाल म्हणजे औषध ना?"

त्यांनी चंचीचं तोंड आवळलं. "नाही सांगत."

"अहो, मी काय कोणाला सांगणार आहे?"

"काहून सांगू? तुमचा भरवसा नाही, बाई." ते अजिबात रागानं बोलले नव्हते. उंदराला दाणा घालावा तितक्या सहज बोलले. मी तोंड फिरवून पेटी पुसायला लागले.

सोळा उंदीर झाले. मग त्यांच्या मेंदूचे पातळ काप करून नळीचं टोक नेमकं कुठं पोचलं होतं ते सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दोरा कोणता ते त्यांना सांगायचं नाही, नुसता क्रमांक. माझे घाबरलेले लाल दोऱ्याचे तिघे अमिग्डालाच्या बाहेर निघाले. नळी चुकली होती, थेंब शेजारी पडला होता. उरलेले तेरा बरोबर जागेवर होते. मी आकडे फळ्यावर लिहिले, लाल एकीकडे, पांढरे दुसरीकडे. शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि त्या त्यांनीच लिहिल्या.

काकांनी चिठ्ठी काढली. घामानं आणि तंबाखूनं पिवळी पडलेली. स्वतः वाचली नाही, सरांच्या हातात दिली.

"लाल, औषध," सरांनी वाचलं.

मी स्टुलावर बसले. अमिग्डालातलं ते दार बंद असलं की उंदीर भीती शिकत नाही. मागच्या वर्षी बर्फी वाटताना मी हेच सांगत सुटले होते.

सर फळ्याकडे बघत खुदकन हसले. "म्हणजे गेल्या वर्षी तू बरोबरच होतीस की!"

काका माझ्याकडे बघत होते. मला आनंद झाला होता, सुटल्यासारखं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती, सगळं एकदमच.

"नाही, सर," मी म्हणाले. "गेल्या वर्षी मला माहीत नव्हतं."

सरांनी मान डोलावली. विभागातल्या लोकांनी पुढं हे वाक्य बरेच दिवस कौतुकानं सांगितलं. मी कधी त्यांना अडवलं नाही. पण चिठ्ठीवर "लाल, सलाईन" लिहिलेलं असतं, तर मी ती मुकाट्यानं मान्य केली असती, की काकांची बाटल्यांत गफलत झाली असं म्हणाले असते? गफलतीचं ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सर चिठ्ठी उघडत होते तेव्हाच ते तयार झालं होतं.