येऊन गेल्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. किसनच्या अपिलात मी ज्या दिवशी उभा राहिलो, त्या दिवसापर्यंत त्याच्या खटल्यातल्या साक्षी मी मूळ मराठीतून वाचल्याच नव्हत्या. इंग्रजी भाषांतर चाळलं होतं, तेही वरवर. महिन्यापूर्वी त्याच्या बायकोचा, कमलवहिनींचा, फोन आला, "भाऊजी, हे गेले... तुरुंगाच्या दवाखान्यात," तेव्हा रडू यायच्या आधी मला हेच आठवलं.

वाटूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढं मी वकील होऊन शहरात आलो आणि तो फाट्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायला लागला. गावी गेलो की तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता माझी टर उडवायचा. मी 'आलो होतो' म्हणालो की म्हणायचा, "आल्तो म्हन की रे! जीभ काय इस्त्रीला दिली का?" मी हसायचो, पण बोलणं 'सुधारत' राहिलो... शेजारच्या दुकानदाराच्या खुनात त्याला जन्मठेप झाली, तेव्हा अपिलाला त्यानं मलाच मागितलं. "आपल्याकडचा मानूस पायजे. बोली समजनारा."

त्या दोघांचं सांडपाण्यावरून भांडण होतं, हे साऱ्या फाट्याला ठाऊक होतं. त्यानंच केलं असणार, असं मी मनात धरून बसलो होतो. भाषांतरात चहावाल्या सुभद्रामावशीची साक्ष होती : किसन त्या दुकानदाराच्या दुकानात आला, नंतर ओरडणं ऐकू आलं. कोर्टानं विचारलं, काही म्हणायचंय? मी म्हणालो, "मांडण्यासारखा मुद्दा आढळत नाही." अपील फेटाळलं गेलं.

तुरुंगात भेटायला गेलो तर तो चिडला नाही, तेच वाईट. "मावशी काय म्हन्ली व्हती, वाचलं न्हाई का तू? 'किसन येऊन गेल्ता, मंग वरडनं आयकू आलं.' येऊन गेल्ता, वकिला!" घरी येऊन मराठी पान काढलं. अक्षर न् अक्षर तसंच होतं. तेवढ्यावर तो सुटलाच असता, असं मी म्हणत नाही. त्याच्या सदऱ्यावर रक्त सापडलं होतं, तारेनं बोट कापलं म्हणून सांगायचा... पण भांडायला जागा होती. आणखी वरच्या कोर्टात जाता आलं असतं. तिथं आधी माझी चूक लिहावी लागली असती. मी गप्प राहिलो. सहा वर्षं. त्यानंही पुन्हा विषय काढला नाही. भेटीत माझ्या मुलीच्या शाळेचं विचारायचा.

मातीला गेलो तेव्हा वहिनींनी मला पुढं बसवलं. भावकीला म्हणाल्या, "ह्यांनी लई केलं आमच्यासाठी." मग हळूच मला, "एक बोलू का भाऊजी? आधी मी त्यांचंच खरं धरलं. पन तुमच्यासारख्या दोस्ताला बी बोलायला काई सापडलं न्हाई, मंग मी समजले... केलंच असंन ह्यांनी. शेवटी शेवटी भेटीला जायचं बी सोडलं." मी मान खाली घातली. त्यांना तो दुजोराच वाटला असणार.

तिथं बोललो नाही, आणि इथं लिहितोय. कारण पेपरात लिहायला समोर माणूस लागत नाही, आणि वहिनींना वाचता येत नाही. ओरडणं ऐकू यायच्या आधीच किसन निघून गेला होता असं मावशी सांगून गेली होती आणि मी ते वाचलं नव्हतं, एवढंच त्यांच्यासमोर बसून, आमच्याच बोलीत, सांगणं माझ्याकडे बाकी आहे.