हवेत सुटलेली गाडी

रेवा, निहार, काल तुम्ही मला पडद्यावर तुमचा मोटारसायकलचा खेळ दाखवलात. रेवाला दादाचा, म्हणजे निहारचा, सर्वांत कमी वेळेचा विक्रम मोडायचा होता. पण टेकडीवरून उडालेली तिची गाडी दर वेळी मागच्या चाकावर आदळून उलटायची.

"उडतेस झकास, पडतेस त्याहून झकास!" निहार, तू म्हणालास.

"आजी, याला गप्प कर ना!"

"अगं, हवेत आणखी वेग दे," मी म्हटलं, तर दोघंही हसलात.

"आजी, तेच तर चुकतंय! हवेत वेग दिला की गाडीचं तोंड वर उचललं जातं," निहार, तू समजावलंस.

मग, आपला विक्रम मोडेल हे ठाऊक असूनही, तूच तिच्या शेजारी सरकलास. उडताच वेग सोडायचा, ब्रेक हलकेच दाबायचा, गाडी उताराइतकी कलली की दोन्ही चाकं एकदम टेकवायची. अशी टेकली की वेग वाया जात नाही म्हणे.

मी विचार करत राहिले. आपल्याकडे मूल परदेशी निघालं की घरोघरी पेढे वाटतात. नव्या जागी पाय टेकवताना मात्र ते बहुधा एकटंच असतं. तेव्हाच खरं तर शेजारी कुणीतरी हवं, घाई न करता सांगणारं.

"आता सोड. हं, आता दाब... हळू गं!"

गाडी उतारावर अलगद टेकली आणि सुसाट गेली. दादाचा विक्रम मोडला. रेवा नुसती बघत राहिली. आनंदाने ओरडलास तू, निहार.