मनवेलदादांची गाठ आणि साळवे मॅडम

डॉ. वत्सला साळवे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मला लिहायला सांगितले, तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी संकोचत विचारले, "नाव बदलून छापायचं का?" मी दोन दिवस मागून घेतले. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "नाव तुझं आहे. मला कशाला विचारतेस?" मग सासूबाईंना विचारले. त्या सुपारी कातरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लिव. आता काय लपवायचं हाय." म्हणून या लेखाखाली माझे खरे नाव आहे. मला एचआयव्हीची लागण आहे, आणि गेली सतरा वर्षे मी मॅडमच्या हाताखाली समुपदेशक म्हणून काम करते आहे. या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय मॅडमविषयी मला काही लिहिता येणार नाही.

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. यजमानांना जाऊन दीड महिना झाला होता. त्यांच्या शेवटच्या आजारात रोगाचे नाव कळले आणि मागोमाग माझ्याही तपासणीत ते निघाले. आमचे घर खारी गावातले. एके काळी सासऱ्यांची भाताची खाचरे होती. आता खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे स्वयंपाकघर दिसते. सासरे आधीच गेलेले. घरात मी आणि सासूबाई, आणि दोघींमध्ये एक शब्दही नाही. भाईंदर पूर्वेला एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे मला पाठवण्यात आले. सासूबाई माझ्याबरोबर आल्या, पण काळजीपोटी नव्हे. त्यांना डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा होता.

मॅडम तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच सासूबाईंनी विचारले, "आधी मला सांगा, कोनी कोनाला दिला? हिनं माझ्या पोराला, का त्यानं हिला?"

मॅडमनी पेन खाली ठेवले. "आजी, तुमचा मुलगा गेला. त्याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही विचारताय त्याचं उत्तर कळून कोणाला काय मिळणार? हिला औषध आहे. ते आजपासून सुरू केलं तर ही तुमच्यासमोर म्हातारी होईल. मला हिच्याबद्दल बोलू द्या."

सासूबाईंनी तोंड फिरवले. पण उठून गेल्या नाहीत.

मग मॅडमनी एका जुन्या रिपोर्टची पाठकोरी बाजू पुढे ओढली आणि मला माझा आजार समजावला. पुढे अनेक डॉक्टरांना मी हे समजावताना ऐकले. कोणी सैनिक म्हणतात, कोणी किल्ला म्हणतात. मॅडम तसले काही म्हणत नाहीत. त्यांनी साधे गोल काढले. "रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतली ही एक जात, सीडी-फोर. अंगात जंतू शिरला की बाकीच्या पेशींना कळवायचं काम हिचं. हा विषाणू नेमका हिच्यातच शिरतो, हिच्याकडूनच स्वतःसारखे आणखी करून घेतो, आणि मग ही मरते. बाकीच्या पेशी असतात गं, पण त्यांना कळवणारंच कोणी उरत नाही. म्हणून साधा खोकलासुद्धा जड जातो." माझ्या त्या पेशींचा आकडा तेव्हा तीन अंकीसुद्धा नव्हता. त्यांनी तो लपवला नाही. फक्त म्हणाल्या, "कमी आहे. गोळीनं विषाणूचं वाढणं थांबेल, मग शरीर या पेशी परत तयार करतं. वेळ लागतो. दर महिन्याला ये."

दर महिन्याला मी जात राहिले. सासूबाईही येत राहिल्या. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. चौथ्या की पाचव्या महिन्यात त्यांनी मॅडमना विचारले, "हिला पावटा चालल का वाल?" त्या दिवशी घरी परतताना रिक्षात त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला होता.

तीन वर्षांनी मॅडमनी मला दवाखान्यात कामाला घेतले. पदवी होती, पण अनुभव शून्य. त्यांनी सांगितलेला पहिला नियम असा, की बाहेर बसलेल्या माणसाचे नाव मोठ्याने पुकारायचे नाही. स्वतः उठून जायचे, जवळ जाऊन हळू बोलायचे. त्या स्वतः आजही तसेच करतात. गुडघे दुखतात तरी. मॅडम रागीट आहेत, हेही लिहायला हवे. दहा मिनिटे उशीर झाला तर त्या दिवसभर तुटक बोलतात. त्यांचे अक्षर वाचता येत नाही आणि तसे म्हटलेले त्यांना आवडत नाही. पेशंटवर मात्र मी त्यांना कधी आवाज चढवताना पाहिले नाही.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या चुकीची आहे. चार वर्षांपूर्वीची. ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने, त्यांची नावे बदलून लिहिते.

उत्तनजवळच्या चौक गावातले मनवेलदादा आमच्याकडे बरीच वर्षे औषध घेत होते. बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट हाकायची आणि खलाशांना सांभाळायचे काम त्यांचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे, गोळी न चुकवणारे. त्या वर्षी मात्र ते बदलले. तारखा विसरू लागले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागे. चालताना पाय ओढल्यासारखे टाकत. एकदा ओळखीच्या पाण्यात त्यांनी बोट खडकाच्या बाजूला वळवली. खलाशांनी आरडाओरडा करून सुकाणू हातात घेतले म्हणून सगळे वाचले. मालकाने त्यांना उतरवले. गावात बोलले गेले की मनवेल पितो.

मीही तेच धरून चालले. त्यांच्या पत्नी, इनासबाई, मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "बाय, गोळी मी माझ्या हातानं देते. गिळेपर्यंत हुभी रहाते. दारूला तो शिवत न्हाय." मी मान डोलावली आणि फाईलमध्ये लाल पेनाने लिहिले, 'गोळ्या नियमित घेत नाहीत. दारूचा संशय.' पुढच्या महिन्यात पुन्हा तेच लिहिले. मनवेलदादांना मी दोनदा बोललेसुद्धा, चांगलेच बोलले. ते खाली बघत ऐकून घेत.

तिसऱ्या महिन्यात रक्ताचा नवा रिपोर्ट आला. मॅडमनी तो पाहिला, फाईल पाहिली, आणि मला आत बोलावले. मनवेलदादा आणि इनासबाई समोरच बसले होते.

"सुनंदा, यांच्या रक्तात विषाणू सापडत नाहीये. गोळ्या चुकवणाऱ्या माणसाचा रिपोर्ट असा येतो का?"

"नाही."

"म्हणजे हे गोळ्या घेतायत. तरी तब्येत अशी झालीय. मग आपण चुकीच्या जागी शोधतोय."

एवढे बोलून त्यांनी टेबलावरच्या फाईलींच्या गठ्ठ्याची सुती नाडी सोडली आणि मनवेलदादांच्या हातात दिली. "दादा, मी परभणीकडची. मला समुद्रातलं काही कळत नाही. जाळं फाटलं की तुम्ही गाठ कशी मारता, दाखवा मला."

मनवेलदादांनी नाडी घेतली. एक फास केला, थांबले, सोडला. पुन्हा केला. ज्या माणसाने लहानपणापासून हजारो वेळा ती गाठ मारली असेल, तो त्या नाडीकडे परक्या वस्तूसारखा बघत होता. इनासबाईंना राहवेना, त्यांनी हात पुढे केला. मॅडमनी तो हळूच धरला. "थांबा. त्यांना वेळ द्या."

बऱ्याच वेळाने मनवेलदादांनी नाडी मांडीवर ठेवली. "डोक्यात हाय," ते म्हणाले, "हातात येत न्हाय."

मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "दादा, यात तुमचा दोष नाही. मला शंका आहे की तुमच्या मेंदूला सूज आहे. तपासू आपण."

"म्हंजे मी येडा न्हाय?"

"नाही."

इनासबाई पदराने डोळे पुसू लागल्या. माझी मान वर होईना.

त्या दोघांना मॅडमनी जे सांगितले ते मीही तेव्हाच नीट ऐकले. काही पांढऱ्या पेशी रक्तातून मेंदूत जात असतात. त्यांच्या आत बसून हा विषाणूही तिथे पोचतो. ज्या पेशींनी आपण विचार करतो, हात हलवतो, त्या चेतापेशींत तो सहसा शिरत नाही. त्यांच्या आसपास मेंदूची देखभाल करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांत तो ठाण मांडतो. त्या पेशी बिघडल्या की सूज येते, आणि त्या सुजेत चेतापेशी मंदावतात. मग विसर पडतो, बोलणे हळू होते, हातापायांचे सवयीचे काम अडखळते. "रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं याला शरीराचं कडक बंधन असतं," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे काही औषधंही तिथे पुरती पोचत नाहीत. रक्त स्वच्छ आणि मेंदूत विषाणू जागा, असं क्वचित होतं. तुमचं तसं असेल, नसेलही. क्षय किंवा दुसरं काही असेल तर तेही कळेल."

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी मेंदूविकारांवर उपचार करते. तिच्याकडे मनवेलदादांना त्यांनी स्वतः नेले. यंत्राने मेंदूचे चित्र घेतले, मणक्यातून पाणी काढले. दुसरे काही निघाले नाही. त्या पाण्यात मात्र विषाणू सापडला. मग त्या दोघींनी विचार करून औषधे बदलली.

मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या संध्याकाळी मॅडमनी मला फाईल आणायला सांगितली. माझ्या लाल ओळी खोडाव्या का, असे मी विचारले. "खोडू नकोस. खाली आज काय कळलं ते लिही." मग त्यांनी त्या ओळींखालच्या सहीवर बोट ठेवले. "ही सही कोणाची आहे? दोन्ही वेळा मी न थांबता केलीय. तुझ्या एकटीची चूक नाही ही." पुढे म्हणाल्या, "त्यांची माफी माग. मीही मागणार आहे." आणि पुढच्या भेटीत त्यांनी खरेच मागितली. डॉक्टरला पेशंटची माफी मागताना मी प्रथमच पाहिले.

औषध सुरू झाले तरी गावातले बोलणे थांबले नव्हते. एका रविवारी मॅडम मला घेऊन भाईंदर पश्चिमेहून बसने चौकला गेल्या. वय एकाहत्तर, एका हातात काठी. बोटीचे मालक अंगणात सुकत घातलेली मासळी उलटत होते. इनासबाईंनी ओळख करून दिली. रोगाचे नाव घ्यायचे नाही असे मनवेलदादांशी ठरले होते, आणि मॅडमनी ते घेतले नाही. "मी यांची डॉक्टर. यांच्या मेंदूला सूज आलीय, त्यावर उपचार चालू आहेत. बोट वळली ती आजारामुळे. दारूचा यात काही संबंध नाही, हे मी तुम्हाला समोर सांगायला आले."

मालकांनी हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाले, "आमाला काय ठावं, बाय. आमी त्याला काय काय बोललो." ते उठून आत गेले आणि मॅडमसाठी खुर्ची घेऊन आले.

सगळे पूर्ववत झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. बरे वाटायला महिने लागले. चाल सुधारली, बोलणे मोकळे झाले. आठव्या-नवव्या महिन्यात मनवेलदादांनी दवाखान्यात स्वतःहून नाडी मागितली आणि मॅडमपुढे गाठ मारून दाखवली. सावकाश, पण चोख. मॅडमनी ती ओढून पाहिली आणि नुसते "हं" म्हणाल्या, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. तांडेल म्हणून मनवेलदादा पुन्हा गेले नाहीत. त्यांनीच नको म्हटले. आता त्याच मालकाची जाळी ते किनाऱ्यावर बसून दुरुस्त करतात, आणि गावातली तरणी माणसे त्यांना विचारायला येतात.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पेशंटला वर्षातून एकदा चार शब्द लक्षात ठेवायला देतात, अंगठ्याला बोट भराभर टेकवायला सांगतात, म्हणजे मेंदूतला बिघाड लवकर ध्यानात येतो. पाच मिनिटांचे काम. मॅडमनी ते माझ्याकडे सोपवले आहे. फाईलमध्ये माणसाविषयी काही लिहिण्यापूर्वी माझा हात आता थांबतो. मॅडमकडून मी पुष्कळ शिकले, पण हे थांबणे मला सगळ्यांत मोलाचे वाटते.

हल्ली दवाखान्यात एक गंमत चालते. ज्यांना कधीकाळी दोन वर्षे मिळतील की नाही याची धास्ती होती, ती माणसे आता वेगळ्याच तक्रारी घेऊन येतात. कोणाला मोतीबिंदू, कोणाची साखर वाढलेली, कोणाचे गुडघे जिना चढू देत नाहीत, कोणाची सून ऐकत नाही. परवा मीच म्हटले, "मॅडम, केस फार पिकायला लागलेत." मॅडम एवढ्या खुश झाल्या की त्यांनी मला जवळ बोलावून माझे पांढरे केस पाहिले.

मॅडम, तुम्हाला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. त्यात आमचा स्वार्थही आहे. आम्ही आत्ता कुठे म्हातारे व्हायला लागलो आहोत. आमची गाऱ्हाणी वाढत जाणार, आणि ती ऐकून घ्यायला टेबलापलीकडे तुम्हीच हव्या आहात.

— सुनंदा पाटील