बटणांवरचे लाल ठिपके

चष्मेवाल्यांना डाग म्हणून सहन होत नसे. घरी कुणी आलं की 'बसा' म्हणायच्या आधी ते त्याच्या नाकावरचा चष्मा उतरवून घ्यायचे, खिशातल्या मऊ फडक्याने पुसायचे आणि उजेडात धरून बघायचे. पाहुणा तोवर चाचपडत उभा. बायको म्हणायची, "यांचं काय सांगता! लग्न ठरलं तेव्हा माझ्या गालावरचा तीळ पुसायला निघाले होते."

असा हा माणूस गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान चालवायचा, आणि साऱ्या गल्लीला ठाऊक असलेलं एक वेड बाळगून होता.

मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी रेडिओच्या दुकानात एक कॉम्प्युटर बघितला होता. घरात वापरायचा, बटणांची पाटी आणि यंत्र एकाच डब्यात, वायर टीव्हीला जोडायची. दुकानदाराने त्यांना स्वतःचं नाव दाबू दिलं. एकेक अक्षर पडद्यावर उमटत गेलं, आणि पहिल्यांदाच रंगमंचावर उभं राहिलेल्या पोराच्या अंगावर प्रकाशाचा झोत पडावा तसं झालं त्यांचं. घरी येऊन वडिलांपाशी हट्ट धरला. वडील म्हणाले, "नाव लिहायला पेन आहे घरात." आणि पोराला काचा घासायच्या यंत्रावर बसवलं.

तेव्हापासून त्यांचा शोध सुरू होता. त्यांना वळणावर बघूनच भंगारवाला ओरडायचा, "नाही आला हो तुमचा! आला की वाजतगाजत पाठवतो!"

तो आला तो शिवणाच्या बाईंच्या तोंडून. बाई आयुष्यभर शिवणाचे वर्ग घेत आलेल्या, पाठीने वाकलेल्या पण जिभेने ताठ. सुईत दोरा जाईना म्हणून नंबर तपासायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "माझी नजर जाऊ दे, आमच्या ह्यांचं ते टीव्हीला जोडायचं खोकं कपाटात धूळ खातंय. घेणार का कुणी?"

चष्मेवाल्यांच्या हातातली काच पडता पडता राहिली. त्याच दिवशी ते बाईंच्या घरी हजर. कापडाच्या गठ्ठ्यांखालून बाईंनी डबा ओढून काढला. तोच! पिवळा पडलेला, पण तोच.

"काय देऊ?" फडक्याने डब्यावरची धूळ पुसत त्यांनी विचारलं.

"काही नको. चालू झाला की मला हाक मारा. एकदा त्याच्यापुढे बसायचंय मला, बास."

चष्मेवाल्यांनी चष्म्यांची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली आणि डब्याला वाहून घेतलं. आतले वीज साठवणारे फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. बटणांखालचं फाटलेलं रबर बदललं. पिवळेपणा घालवायला केस ब्लीच करायचा मलम आणून डब्याला फासला, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि डबा गच्चीवर उन्हात ठेवला. दर थोड्या वेळाने उठून जिना चढायचे. बायको म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या तुम्ही."

राहिली बटणं. त्यांतल्या काहींवर लाल टणक ठिपके होते, जवसाच्या दाण्याएवढे.

"कुणीतरी नेलपॉलिश सांडून ठेवलंय," चष्मेवाले वैतागून म्हणाले.

बायको वाकून बघत म्हणाली, "सांडलेलं असं बटणाच्या बरोब्बर मधोमध सांडतं?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

मग पातळ पातं आणि कापसाचा बोळा घेऊन त्यांनी एकेक ठिपका खरवडला. इतक्या हळुवार हाताने, की खालच्या अक्षराचा रंगसुद्धा हलला नाही. शेवटचा ठिपका निघाला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या. डबा दुकानाच्या काचेत ठेवावा असा नवाकोरा दिसत होता. टीव्हीला जोडला, आणि पडद्यावरचा छोटा चौकोन उघडझाप करू लागला. बायकोला हाका मारून घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

बाई आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून. डबा बघून म्हणाल्या, "अगं बाई! हा तर नवरदेव केलात!" चष्मेवाले लाजले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली.

बाईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि दहाही बोटं बटणांवर ठेवली. बोटं सरकली. थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली.

"ठिपके कुठे गेले हो?"

चष्मेवाले खिशातलं फडकं चाचपू लागले. "कुठले ठिपके?" ते म्हणाले, आणि बायकोची नजर आपल्यावर आहे हे त्यांना तिच्याकडे न बघताच कळलं. "अं... जुनं झालं होतं ना सगळं. निघाले असतील आपोआप."

"आपोआप? मी थरावर थर देऊन लावले होते." बाई डोळे मिटूनच बोलत होत्या. "शेवटी शेवटी ह्यांना बटणांवरचं बारीक अक्षर दिसेना. पडद्यावर मोठी करून घेतलेली मात्र दिसायची. म्हणून बोटांना लागतील असे मी ठिपके लावले. मग काय, मी शिवत बसायची आणि हे टिचक्या मारत. मान वर केली की पडद्यावर माझ्यासाठी टोमणा तयार! 'बाईसाहेब, बाही उलटी लागली.' आणि खरंच उलटी लागलेली असायची." त्या हसल्या. "म्हटलं, एकदा त्यांच्यासारखं बसून बघावं. असू दे. जुनं ते निघायचंच. केवढी मेहनत घेतलीत तुम्ही!"

त्यांनी चष्मा चढवला, डब्यावरून हात फिरवला आणि तोंडभर कौतुक करत निघून गेल्या. त्या कौतुकाचा एकेक शब्द चष्मेवाल्यांच्या तोंडात मारल्यासारखा बसला. रोज दिवसभर मंद नजरेच्या माणसांना समोर बसवून अक्षरं वाचायला लावणारे ते! ते ठिपके कशासाठी आहेत हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, पण त्यांना? आणि वर त्या म्हाताऱ्या बाईला थापही मारली.

बायको कपबशा उचलत एवढंच म्हणाली, "आपोआप."

त्यांना जेवण गेलं नाही. पडद्यावरचा चौकोन उघडझाप करत होता, तो त्यांनी बंद केला.

सकाळी दुकान न उघडता ते डबा छातीशी धरून बाईंच्या दारात उभे राहिले.

"ठिपके निघाले नाहीत, बाई. मी खरवडले. घाण समजून. बायकोने टोकलं होतं, तरी. आणि काल तुमच्याशी खोटं बोललो."

बाईंनी डब्याकडे बघितलं. मग बाजूला झाल्या. "आत या. दारात काय उभे राहता?"

चष्मेवाल्यांनी डबा शिवणाच्या टेबलावर ठेवला आणि खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. "जसे होते तसे पुन्हा लावतो. कुठल्या बटणांवर होते, तेवढं सांगा."

"मला कुठलं आठवायला? हे सांगत गेले, मी लावत गेले." बाईंनी वर बघितलं. "तुम्ही खरवडलेत ना? तुम्हीच सांगा."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. सगळं आठवत होतं त्यांना, पात्याची धार, कापसावर उतरलेला लाल रंग, आपल्या हाताचा हळुवारपणा. पण ठिपक्याखालचं अक्षर? खालचा रंग हलू नये म्हणून एवढं जपलं, आणि अक्षर एकदाही वाचलं नव्हतं. कान तापले त्यांचे. मान वर होईना.

"नाही बघितलं," ते पुटपुटले.

बाईंनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. "बसा."

"बाई, मी..."

"बसा म्हणते ना! आणि डोळे मिटा. कुठलं बटण सापडत नाही ते बघू. तिथे लावायचा ठिपका. हेही तसंच करत."

ते बसले. त्यांनी डोळे मिटले. बोटं चाचपडत सरकली आणि अडली. शेजारी बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज झाला, वास आला, आणि बाईंनी त्यांचं बोट धरून अलगद बाजूला केलं.

"हलू नका आता," बाई म्हणाल्या. "वाळू दे."

चष्मेवाले हलले नाहीत. डोळे तर त्यांना उघडवतच नव्हते.