साध्या काचांचा चष्मा

इस्पितळाच्या औषधखिडकीत बसणाऱ्या मॅडमचा चष्मा साध्या काचांचा होता. बावीस वर्षांत ही गोष्ट नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचा चेहरा अगदी शाळकरी. माणसं त्यांच्या मागे डोकावून विचारायची, मोठं कुणी नाही का आत? वैतागून त्यांनी जाड काळी फ्रेम घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मॅडम झाल्या. लोकांचं काय, नाकावर प्लॅस्टिक चढलं की अक्कल आली असं धरून चालतात. खरं सांगायचं तर मॅडमनाही तसंच वाटू लागलं होतं.

पंचेचाळिशीत अक्षरं खरोखरच पुसट झाली. चष्मेवाला म्हणाला, नंबर घालून देतो, पण फ्रेम जुनी आहे, काच बसवताना तुटली तर मला बोलू नका. दुसरी फ्रेम घ्यायला मॅडमचं मन धजेना. त्या फ्रेमशिवाय खिडकीत बसायचं म्हणजे पुन्हा तीच शाळकरी पोर. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत त्यांनी वर्ष ढकललं.

खिडकीतली पद्धत अशी की बाटलीवर डोस हाताने लिहायचा आणि चिठ्ठीची प्रत ठेवून घ्यायची. तासाभराने सहकारीण त्या प्रती मोठ्याने वाचायची आणि मॅडम वहीत खुणा करायच्या. त्या दुपारी ती वाचत होती, "तान्हं बाळ. तापाचे थेंब. अर्धा मिली."

मॅडमचा हात थांबला. पाचाच्या आधीचं शून्य आणि टिंब त्यांना दिसलंच नव्हतं. बाटलीवर त्यांनी ठळक लिहून दिलं होतं, पाच मिली. दहापट.

औषध बाळाचे आजोबा घेऊन गेले होते. सुनेला आज घरी सोडणार होते आणि कागदपत्रांची रांग मोठी होती, एवढीच काय ती आशा. मॅडम धावत सुटल्या. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या. घामाने चष्मा घसरू लागला, तो त्यांनी काढून मुठीत धरला.

फाटकाजवळच्या बाकावर सून बाळाला मांडीवर घेऊन बाटलीचं झाकण फिरवत होती.

"थांबा. ती बाटली द्या मला."

आजोबांनी बाटली काढून घेतली आणि छातीशी धरली. "आतल्या चष्मेवाल्या मॅडमनी दिलंय हे. तुम्ही कोण?"

मॅडमनी मूठ उघडली. त्यांनी चष्मा चढवला. आजोबा लगबगीने उभे राहिले आणि बाटली पुढे केली.

"माफ करा मॅडम, ओळखलंच नाही."

"दिलंय का बाळाला?"

"नाही, आता देणारच होतो."

मॅडम बाकावर बसल्या. भीती मात्र उतरेना. त्यांनी बाटलीवरचा आकडा खोडला. नवा लिहायच्या आधी आजोबांकडची चिठ्ठी पुन्हा वाचून खात्री करायला हवी होती. ती त्यांनी सुनेपुढे धरली.

"तू वाच, बाई. मला दिसत नाही."

सुनेने चिठ्ठी हातात घेतली नाही. ती त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिली, आणि मग तिने बाळाला जवळ ओढून घेतलं.